मावशीचं पाणी, आक्कांचं अंगण

‘दिवाळीच्या सुट्टीत कुठे?’ हा प्रश्न आमच्या ग्रुपवर सप्टेंबरातच फिरायला लागतो. यंदाही उत्तरं तीच. कुणी गोकर्ण, कुणी कूर्ग, एक जण तर थेट व्हिएतनाम. माझी पाळी आली तेव्हा मी टाइप केलं, ‘नांदेड जिल्हा. शोषखड्डा बघायला.’ पाच मिनिटं ग्रुप चिडीचूप. मग एकीनं विचारलं, ‘हे होमस्टेचं नाव आहे का गं?’

नाही हो! शोषखड्डा म्हणजे साधा, शुद्ध खड्डा. मोरीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी आपल्याच अंगणात जमिनीत जिरवायचा. आता यात बघण्यासारखं काय, असं तुम्हालाही वाटत असेल, तर माझ्या मावशीचा फोन तुम्ही ऐकायला हवा होता.

‘परसात खड्डा करायलाव. पाणी थांबलं तर बोलीन म्हणली आक्का. तू ये.’

मावशी आणि शेजारच्या आक्का अकरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. मी बॅग भरली. एडिटरांना ‘मराठवाडा ट्रॅव्हल’ एवढंच सांगितलं. ते बहुधा वेरूळ-अजिंठा समजले असावेत. सॉरी, सर!

पुण्याहून नांदेडला जायला पनवेल-नांदेड एक्स्प्रेस बरी. जेवणाचा डबा बरोबर घ्यायचा, वरचा बर्थ पकडायचा आणि झोपून जायचं. मला मात्र रेल्वेत झोप येत नाही. दौंड गेलं, भिगवणच्या आसपास उजनीचं बॅकवॉटर अंधारात कुठेतरी असणार म्हणून उगाचच खिडकीतून डोकावून बघितलं. कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी लातूर आलं आणि समोरच्या बर्थवरचे काका उठून बसले. स्टेशनकडे बघत म्हणाले, ‘पाण्याची गाडी हितंच लागायची.’

२०१६ चा एप्रिल आठवतोय? मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण आटलं होतं आणि लातूर शहराला पाणी द्यायला जवळ काही उरलं नव्हतं. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. ११ एप्रिलला निघाली, १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. दहा टँकर वॅगन, पाच लाख लिटर पाणी. पुढे वॅगन वाढून पन्नास झाल्या, ऑगस्टपर्यंत या ‘जलदूत’च्या शंभरावर फेऱ्या झाल्या. कृष्णेचं पाणी मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवर रेल्वेनं! मी तेव्हा कॉलेजात होते. टीव्हीवर त्या गाडीला हार घातलेला बघून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आपण नक्की कशासाठी टाळ्या वाजवतोय, हे काही कळलं नव्हतं.

काका पुढे जे बोलले ते मात्र टीव्हीवर नव्हतं. ‘त्या उन्हाळ्यात बायको भांड्याचं पाणी घमेल्यात धरायची, तेच झाडाला, तेच संडासात. गटारीत थेंब जात नव्हता बघा. पाऊस पडला, नळ सुरू झाले, की परत गटारी वाहायला लागल्या.’ आणि ते पुन्हा आडवे झाले. परळीपर्यंत घोरत होते.

सकाळी हुजूर साहिब नांदेड. स्टेशनबाहेर सुशीला खाल्ला. (पुणेकरांसाठी खुलासा : सुशीला हे बाईचं नाव नाही. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी दिलेली, वर शेंगदाणे-कोथिंबीर, सोबत मिरची. पोहे विसराल!) मग भोकरची एसटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून रिकामी झालेली काळीभोर रानं, मधे मधे हळद आणि कापूस. भोकरला दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, बाइक घेऊन उभा होता.

मावशीचं गाव म्हणजे दोन-अडीचशे उंबरे. नाव लिहिलं तर पुढच्या वेळी तिच्या हातची भाकरी मिळायची नाही, म्हणून लिहीत नाही. गाव उतारावर आहे. वरच्या अंगाला मारुतीचं देऊळ, खालच्या अंगाला ओढा. मावशीचं घर वरच्या बाजूला, आक्कांचं त्याच्या खाली. झालं, भांडणाचा सगळा भूगोल एवढाच!

पूर्वी गावात नळ नव्हते. मावशी आणि आक्का एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या. दोघी पहाटे विहिरीवर जायच्या, डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी. एवढ्या कष्टानं आणलेलं पाणी मोरीत कितीसं जाणार? जे जायचं ते परसातल्या अळूच्या पानांना आणि केळीला पुरायचं नाही. दादाच्या जन्माच्या वेळी रात्री बैलगाडी जुंपायला आक्काच धावल्या होत्या, हे मावशी आजही सांगते. सांगताना त्यांचं नाव मात्र घेत नाही, ‘ती’ म्हणते.

मग नळ आला. नळ आला म्हणजे काय झालं, तर घरात पाणी यायची सोय झाली. घरातून ते जायची सोय कुणी केलीच नाही. रस्त्याच्या कडेनं एक उघडी नाली होती, ती आक्कांच्या दारापुढे येऊन संपायची. मावशीच्या मोरीचं, न्हाणीचं, धुण्याचं पाणी तिथे साचायला लागलं. काळं, बुळबुळीत, वर साबणाचा फेस. आक्कांनी एक दिवस नालीत मातीचा बांध घातला. पाणी तुंबून मावशीच्या उंबऱ्याला लागलं. मावशीनं खोरं घेऊन बांध फोडला. त्या रात्री जे काही बोलणं झालं ते इथे छापता येणार नाही! वाद गावच्या तंटामुक्ती समितीपर्यंत गेला. समितीनं दोघींना चहा पाजला. दोघींनी आपापला कप उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन तो प्यायला.

ऑफिसात दोन क्यूबिकलमधल्या एसीच्या टेम्परेचरवरून महिनोन् महिने न बोलणारे लोक मी बघितलेत, त्यामुळे हसायचा हक्क मला नाही. पण दिवाळीच्या फराळाचं ताट भिंतीपलीकडे न जाण्याची अकरा वर्षं म्हणजे फार होतात हो.

तुम्ही म्हणाल, मग खड्डा आधीच का नाही खणला? खणला होता! काही वर्षांपूर्वी एका योजनेत कुणी ठेकेदार आला, अडीच फुटांचा खड्डा केला, त्यात विटांचे तुकडे नि दगड टाकले, वर पाइप सोडला, फोटो काढला आणि गेला. दोन महिन्यांत खड्डा तुंबला. भाताची शितं, तेलाचा तवंग, भांडी घासायची राख हे सगळं दगडांच्या फटीत जाऊन बसलं. शिवाय खाली काळी माती. ही माती कोरडी असली की भेगाळते आणि भिजली की फुगून अशी गच्च होते की पाणी खाली उतरतच नाही. खड्ड्याचं झालं डबकं आणि डबक्यातलं पाणी पुन्हा आक्कांच्या दारात, या वेळी वासासकट. मावशीनं तो खड्डा माती टाकून बुजवला. म्हणूनच ‘शोषखड्डा’ म्हटल्यावर गल्लीतले लोक अजूनही हसतात.

दादा मात्र हसत नाही. त्यानं टेंभुर्णी बघितलंय. ‘चल, तुलाही दाखवतो,’ म्हणाला.

टेंभुर्णी म्हटलं की पुण्याच्या माणसाला सोलापूर हायवेवरचं, उजनीजवळचं टेंभुर्णी आठवतं. हे ते नव्हे. हे हिमायतनगर तालुक्यातलं. हिमायतनगर म्हणजे जुनं वाढोणा, भोकरच्या पुढे, आदिलाबादला जाणाऱ्या रेल्वेलाइनवर. तिथून पुढे पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा बघायला पावसाळ्यात गाड्याच्या गाड्या भरून जातात. टेंभुर्णीला गाड्या भरून आल्या त्या वेगळ्याच कारणानं. सरपंच प्रल्हाद पाटलांच्या पुढाकारानं या गावानं घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्यांची गरजच संपवली आणि ‘डासमुक्त गाव’ म्हणून नाव कमावलं. २०१५-१६ च्या सुमारास नांदेड जिल्हा परिषदेनं, अभिमन्यू काळे तिथे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना, ही कल्पना उचलली आणि रोजगार हमीच्या पैशांतून जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत हे खड्डे खणले गेले. कुणी ‘नांदेड पॅटर्न’ म्हणायला लागलं, कुणी ‘मॅजिक पिट’. आपल्याकडे ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे मार्कांचा, हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या जिल्ह्यानं पॅटर्न काढला तो मोरीच्या पाण्याचा. मला हा दुसरा जास्त आवडला.

गावात शिरल्यावर मी काय केलं असेल तर खाली मान घालून नाली शोधत फिरले. एका आजोबांनी विचारलं, ‘काय हरवलं का बाई?’ दादानं सांगितलं, ‘पुण्याहून आलीय, खड्डा बघायचाय.’ आजोबांना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यातलं एक झाकण उचललं आणि आत बोट दाखवलं. नाक धरायच्या तयारीत मी वाकले, पण आत होती फक्त एक सिमेंटची टाकी नि राखाडी पाणी. बस्स! यासाठी आपण रात्रभर रेल्वेत जागलो? पण तीच तर गंमत आहे. बघण्यासारखं काही उरलं नाही, म्हणजे काम झालं.

आता जरा इंजिनिअरिंग. घाबरू नका, मी मासकॉमवाली आहे, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा. मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला चार भोकं. टाकीच्या खाली नि भोवती दगड, मोठे तळाशी आणि वर वर बारीक होत जाणारे. मोरीचा पाइप थेट दगडांत न सोडता टाकीत सोडायचा. खरकटं, माती, राख टाकीच्या तळाला बसते. वरचं निवळलेलं पाणी भोकांतून दगडांत उतरतं आणि दगडांतून जमिनीत. झाकण लावायचं, भोवतालची जागा मातीनं बुजवायची. पाणी उघड्यावर येतच नाही. ठेकेदाराच्या खड्ड्यात आणि या खड्ड्यात फरक काय, तर ती एक टाकी! घाण आधी थांबवायची, मग पाणी जिरवायचं. टाकीतला गाळ अधूनमधून काढला की पुन्हा तोच खड्डा चालू.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवायची. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही. त्याचे खड्डे वेगळे, त्याचं गणित वेगळं. आणि विहीर किंवा बोअर जवळ असेल तर हा खड्डाही तिच्यापासून चांगला लांब हवा, नाहीतर मोरीचं पाणी फिरून आपल्याच तांब्यात.

एवढंसं पाणी, त्याचा एवढा बाऊ कशाला, असं मलाही वाटायचं. दादानं बाइकवर बसल्या बसल्या हिशेब करून दाखवला. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांचं घर, म्हणजे २७५ लिटर. पिण्यात, स्वयंपाकात संपतं ते थोडं. बाकी दोनशेच्या आसपास लिटर मोरीतून बाहेर, म्हणजे तेरा-चौदा बादल्या. रोज! दोनशे घरांचं गाव असेल तर दिवसाला चाळीस हजार लिटर. म्हणजे जलदूतच्या एका वॅगनला थोडंच कमी पाणी, रोज, गावाच्या नालीत. सरकारच्याही हे लक्षात आलंय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं ‘सुजलाम’ नावाची मोहीम काढली होती, शंभर दिवसांत देशभर दहा लाख शोषखड्डे. आकडा ऐकायला झकास वाटतो. पण आमच्या मावशीच्या परसात एकच खड्डा धड व्हायला दोन वेळा खणावं लागलं, हे मी विसरू शकत नाही.

आणि ते ‘डासमुक्त’ प्रकरण? त्यावर माझा आणि दादाचा परतीच्या वाटेवर वाद झाला. नालीत, डबक्यात, घाण पाण्यात वाढतो तो क्यूलेक्स, हत्तीरोगवाला. नाल्या गेल्या की त्याचं घर गेलं, हे खरं. पण डेंग्यूचा एडिस हा मोठा स्वच्छताप्रेमी डास आहे. त्याला लागतं घरातलं साठवलेलं चांगलं पाणी. रांजण, हौद, बॅरल, कूलर, टेरेसवरचा टायर. आणि मराठवाड्यात नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतं, तेव्हा माणूस साठवणार नाही तर करणार काय? म्हणजे पाणी कमी म्हणून डेंग्यू आणि पाणी जास्त म्हणून हत्तीरोग. मावशीच्या गल्लीतल्या एका मुलाला गेल्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं आक्कांच्या दारातल्या डबक्याकडे. बोट दाखवायला हवं होतं ज्याच्या त्याच्या घरातल्या बॅरलकडे. त्यावर उपाय खड्डा नाही. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची, हौदात गप्पी मासे सोडायचे. दादा शेवटी म्हणाला, ‘बरं बाबा, निम्मे डासमुक्त.’ तडजोड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात काम सुरू झालं. दादा आणि दोन गडी. मी मोबाइल घेऊन उभी, म्हणजे निरुपयोगी. पहिले तीन फूट काळी माती, चिवट, कुदळीला चिकटणारी. दादा म्हणाला, मुरूम लागेपर्यंत खणायचं. चार फुटांचा नियम टेंभुर्णीचा असेल, आपली जमीन आपली आहे. साडेतीन फुटांवर माती पिवळसर झाली, भुरभुरीत झाली. मुरूम! गड्यांनी पाचावर नेऊन सोडलं. मग दादानं दोन बादल्या पाणी तळात ओतलं आणि घड्याळ लावलं. काळ्या मातीत दिवसभर उभं राहिलं असतं. इथे मावशीचा चहा होईपर्यंत तळ दिसायला लागला.

याच सुमाराला भिंतीवरून एक डोकं वर आलं. आक्कांचा नातू, वय वर्षं आठ.

‘आजी विचारायलीय, किती फूट झाला?’

‘पाच म्हण,’ मावशी म्हणाली. डोकं खाली गेलं. पुन्हा वर आलं.

‘आजी विचारायलीय, टाकी बसवणार हाव का नुसते दगड?’

‘टाकी हाय म्हण. आन् म्हण, झाकण पण हाय.’

असं दिवसभर चाललं. अहो, ऑफिसात दोन डिपार्टमेंट एकमेकांना सीसी ठेवून मेल करतात ना, अगदी तसं! संध्याकाळपर्यंत त्या पोरानं भिंतीवर चढून चढून चड्डी फाडून घेतली, पण आक्कांना खड्ड्याची खडान् खडा माहिती पोचली होती. मोरीच्या तोंडाशी खरकटं अडवायला जाळी बसवली का, इथपर्यंत. (बसवली नव्हती. आक्कांच्या प्रश्नानंतर बसवली.)

संध्याकाळी मी गावाच्या खालच्या अंगाला चक्कर मारली. तिथे घराला घर चिकटलेलं. परस नाही, अंगण म्हणजे दारापुढची हातभर फरशी. इथे चार बाय चारचा खड्डा करायचा कुठे? माझा सगळा उत्साह तिथे थोडा थंडावला. ज्याला जागा आहे तो आपलं पाणी आपल्या जमिनीत जिरवेल आणि स्वच्छ गावाच्या फोटोत येईल. ज्याला जागा नाही त्याच्या दारात वरच्यांचं पाणी येतच राहणार. उतार हा फक्त जमिनीचा नसतो, हे त्या गल्लीत उभं राहिलं की न सांगता कळतं. तिथली एक बाई म्हणाली, ‘आमच्यात खड्डा करा म्हणतेत, मग झोपावं कुठं?’

त्या गल्लीसाठी वेगळा उपाय लागतो, सगळ्यांच्या मिळून. चार-सहा घरांना एक मोठा खड्डा सार्वजनिक जागेत. किंवा सगळी नाली बंद पाइपनं ओढ्याच्या अलीकडे आणून तिथे दगड-वाळूचा वाफा करून कर्दळीसारखी झाडं लावायची, त्यांच्या मुळांतून पाणी निवळत जातं. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं ‘फायटोरिड’ नावानं हेच तंत्र विकसित केलंय, त्याला वीज फारशी लागत नाही. आणि नांदेडच्या माणसाला पंजाब काही परका नाही. इथून रोज सचखंड एक्स्प्रेस अमृतसरला जाते. तिकडे सीचेवाल गावच्या संत बलबीरसिंग यांनी २००० सालापासून लोकांना घेऊन काली बेईं नदी साफ करायला घेतली. घाण नदीत येते कुठून, तर गावांच्या नाल्यांतून, म्हणून गावाचं सांडपाणी आधी एकापाठोपाठ एक अशा विहिरींत निवळवायचं, मग तळ्यात, आणि तिथून पाइपनं शेताला. गावचं पाणी गावच्या पिकाला. दुष्काळाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मुलखात हे चाळीस हजार लिटर शेताला गेलं तर कुणाला नकोय? पण त्यासाठी ग्रामपंचायतीला जागा काढावी लागेल, देखभालीला माणूस ठेवावा लागेल आणि मुख्य म्हणजे खालच्या गल्लीला मीटिंगला बोलवावं लागेल. दादानं सांगितलं, विषय मांडणार. बघू. मी त्याला दर महिन्याला फोन करून पिडणार आहे.

रात्री जेवताना मावशीनं माझी विकेट काढली. भाकरी, पिठलं, हिरवा ठेचा, मी खाली मान घालून तुटून पडलेली. ती सहज म्हणाली, ‘काय गं, तुमच्या बिल्डिंगीचं पाणी कुठं जातंय?’

‘ड्रेनेजमध्ये.’

‘आन् तिथनं?’

‘...नदीत, बहुतेक.’

‘नदीत? तसंच?’

तसंच नाही, शुद्ध करून सोडतात, असं मी म्हणाले खरी. पण पुण्यात राहणाऱ्या कुणीही संगम पुलावर उभं राहून हे छातीठोकपणे म्हणून दाखवावं! शहराचं सगळं मैलापाणी शुद्ध होत नाही. जपानी कर्जातून व्हायची अकरा शुद्धीकरण केंद्रं किती वर्षं रेंगाळली, याच्या बातम्या आम्हीच तर छापतो. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमा जाते उजनीत. आणि आता सांगायला जरा लाज वाटते, पण लातूरकर गेली कित्येक वर्षं मागणी करतायत ते कुठलं पाणी? उजनीचं! निवडणूक आली की ‘उजनीचं पाणी लातूरला’ हे ऐकू येतंच. म्हणजे मी सदाशिव पेठेत अंघोळ करायची आणि... जाऊ दे. रात्री गाडीतून मी ज्या अंधारात डोकावले होते तिथे माझंच पाणी होतं. त्या बर्थवरच्या काकांना हे सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते कुणास ठाऊक.

मावशीला एवढं सगळं सांगितलं नाही. ती म्हणाली, ‘म्हंजे तुम्ही वरच्या अंगाला राहता की.’ आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तिसऱ्या दिवशी टाकी बसली, दगड भरले, पाइप जोडला. मावशीनं खड्ड्याला हळदकुंकू लावलं. मग मोरीत पहिली घागर ओतली आणि आम्ही सगळे खड्ड्याकडे न बघता भिंतीपलीकडच्या नालीकडे बघत उभे राहिलो. काही आलं नाही. दुसरी घागर. काही नाही. मावशीनं मग सगळं धुणं काढलं, चादरी, गोधड्या, दिवाळीत आधीच धुतलेले पडदेसुद्धा. दुपारपर्यंत ती धूत होती. नाली कोरडी ती कोरडीच.

माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. सकाळी अंगणात दात घासत होते. आक्कांच्या दारापुढची ओल सुकून पांढुरकी झाली होती आणि त्या स्वतः खराटा घेऊन ती खरवडत होत्या. मावशी नळाशी. दोघींच्या मधे फक्त ती कमरेएवढी भिंत. आक्कांनी खराटा थांबवला. मी तोंडात फेस धरून उभी, थुंकायचंसुद्धा विसरले.

आक्का म्हणाल्या, ‘पाणी थांबलं तुझं.’

‘हाव,’ मावशी म्हणाली.

‘पन्हाळीचं काय पण? पावसाळ्यात तुझ्या माळवदाचं सगळं पाणी माझ्या भिंतीवर पडतंय. त्याला बी खड्डा कर की.’

मावशीनं घागर खाली ठेवली. पदर खोचला. आणि अकरा वर्षांनंतर दोघी कडाकडा भांडायला लागल्या. दादा आतून धावत आला, मला म्हणाला, ‘काय झालं?’ मी फक्त बोट दाखवलं. भांडण अर्धा तास चाललं. त्यात विहिरीवरची एक फुटलेली कळशी निघाली, बैलगाडीची रात्र निघाली, दादाचा जन्म निघाला, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला साडी नेसवली नाही तेही निघालं. मग आक्कांनी नातवाला हाक मारली आणि तो चकल्यांचं ताट घेऊन, या वेळी भिंतीवरून नाही, दारातून आला.